ठिणगीचे मागचे पाय

रविवार, दोन तारीख

धाकटे, आधी चष्मा शोध. कपाळावर आहे. आता वाच. ही वही तुझ्यासाठी आहे हे पहिल्याच ओळीत सांगते, नाहीतर अर्ध्यावर पोचून विसरशील आणि ‘कुणाची बाई ही वही’ म्हणत परत पाठवशील. मी तुझी थोरली बहीण. मला अक्षर येत नाही, एवढं तरी आठवत असेल. मी बोलते, आमची सून लिहिते. तिला बजावलंय, तोंडातून पडेल ते सगळं लिहायचं, तिच्या नवऱ्याला शिव्या घातल्या तरी. कारण घालणार आहे.

आज मंडळाचं पत्र आलं. मंडळ म्हणजे आपल्या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुत्र्यांचं, ज्यांच्याकडे वंशाची नोंदवही असते ते. वर्षातून एकदा तपासणी. तिघे परीक्षक पास करतील त्याच कुत्र्याचं नाव वहीत चढतं, त्याच्याच पिल्लांना जातीचं म्हणतात. नापास झालेल्याचा वंश तिथेच संपतो, दुसरी संधी नाही. एकतीस वर्षं मी त्या तिघांतली एक होते. मागच्या पायांवरचा शेवटचा शब्द माझा. आता पत्रात काय, तर परीक्षकाला तक्ता स्वतःच्या हाताने भरता आला पाहिजे. म्हणजे मी बाहेर. कुत्र्याचे पाय तक्त्यावर चालतात की काय?

आणि माझ्या जागी कोण? आमचा थोरला. माझ्याच पोटचा. मला विचारलंसुद्धा नाही, हो म्हणून मोकळा झाला.

सून विचारते, हेही लिहू? म्हटलं, ठळक लिही.

मंगळवार, चार तारीख

मंडळाने नवं पुस्तक काढलंय. सुनेने वाचून दाखवलं, ‘मागचे पाय भरपूर वळणदार असावेत.’ वाचता येत नसलं तरी चित्र मला दिसतं. चित्रातल्या कुत्र्याचे मागचे पाय इतके मागे गेलेत की वाटतं, बिचारा बसायला खुर्ची शोधतोय. ओळखलंस कुणाचा? अध्यक्षांचा सरदार. हो, तोच मिशाळ अध्यक्ष. ज्याच्या घरचं कुत्रं, त्याच्याच घरचं चित्र.

तुला पुन्हा सांगते, कारण मागे सांगितलेलं तुझ्याकडे उरलेलं नसणार. कुत्रं माणसासारखी टाच टेकत नाही. मागच्या पायात जो उलटा गुडघा दिसतो ना, तीच त्याची टाच. टाचेपासून पंज्यापर्यंतचं हाड सरळ उभं हवं, भिंतीसारखं. मग बाजूने पाहायचं. बसायच्या हाडाला दोरा लावून ओळंबा खाली सोडला, की तो बोटांच्या अगदी पुढ्यात टेकला पाहिजे. तुझे भावोजी गवंडी, त्यांचा पितळी ओळंबाच आम्ही वापरायचो. दिवसभर भिंती मोजून आलेला ओळंबा संध्याकाळी कुत्र्याच्या ढुंगणाला लावायचे नि म्हणायचे, “भिंत चुकली तर घर पडतं, हा चुकला तर कळप.” मग मागून पाहायचं. दोन्ही टाचा सरळ मागे बघत असल्या पाहिजेत. टाचा कानगोष्टी करणाऱ्या बायांसारख्या जवळ आल्या आणि पंजे भांडलेल्या जावांसारखे बाहेर तोंड करून बसले, की ते कुत्रं गेलं कामातून. चार वर्षं धावेल, पाचव्या वर्षी सांधे कुरकुरतील, सहाव्या वर्षी लंगडेल.

हे मी थोरल्याला तो सात वर्षांचा असताना शिकवलं. डोळे मिटून, हाताने. त्याचं फळ हे.

रविवार, नऊ तारीख

आमच्याकडे आता एकच उरली आहे, ठिणगी. दीड वर्षाची. वीज आठवते? माझी वीज, सगळ्या कळपाला एका नजरेत वळवणारी. तिची ही आठवी पिढी. सहाव्या वर्षी मेंढ्याने धडक दिली आणि वीज लंगडायला लागली, नाहीतर तिच्यासारखी दुसरी नव्हती. ठिणगीची आई तिला जन्म देतानाच गेली. म्हणजे विजेच्या रक्ताची ही शेवटची. तेवीस तारखेला हिची तपासणी. पास झाली तर वंश पुढे, नाहीतर चाळीस वर्षांचं सगळं मातीत.

आणि थोरला काय करतो? महिना झाला, रोज सकाळी कामावर जायच्या आधी हिला टेकडीच्या चढावर नेतो. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. घरी येते ती जीभ बाहेर काढून, मागच्या मांड्या थरथरत. आज सरळ विचारलं.

“हिला दमवून मारायचं ठरवलंयस का?”

“आई, चढाने मांडी भरते.”

“मांडी भरलेलीच आहे तिची. तेवीस तारखेला दमलेली उभी राहिली की तुझं काम सोपं, नाही का?”

त्याने पट्टा खुंटीला अडकवला आणि गेला. मोठा अबोल झालाय. परीक्षक ना!

सून म्हणते, आई, तो तसा नाही हो. म्हटलं, तू लिही, वकिली करू नकोस.

मंगळवार, अकरा तारीख

आज ठिणगीला अंगणातल्या दगडी चौथऱ्यावर चढवलं आणि ब्रश फिरवला. रोजच फिरवते. मानेपासून सुरू करायचं, पाठ, मग मांडी, मग हात खाली सरकत टाचेवर येतो, टाच मुठीत धरायची, पंजा जागच्या जागी ठेवायचा, दुसऱ्या पायाचं तसंच. मग दोन पावलं मागे होऊन पाहायचं. काय पाय आहेत, धाकटे! दोन खांब. ओळंबासुद्धा लावला, बोटांच्या पुढ्यात टेकला, केसाचा फरक नाही. आता तर माझा हात मांडीवर आला की स्वतःच पाय नीट करून उभी राहते, इतकी शहाणी. हातच्या काकणाला आरसा कशाला? हिला नापास करायचं तर डोळे विकून यावं लागेल.

सुनेचं लिहिणं थांबलं. म्हटलं, काय झालं? म्हणाली, पेन अडलं. नवं पेन आहे, परवाच आणलंय. हल्ली वस्तूंचंही काही खरं नाही.

मंगळवार, अठरा तारीख

शनिवारी कळलं. थोरला सध्या भिंत बांधतोय ती अध्यक्षांच्या घराची. मला दुधवाल्याने सांगितलं, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, मी सोडून. त्याच संध्याकाळी तो हातपाय धुऊन ताटावर बसला, तेव्हा विचारलं.

“भिंत कुणाची?”

“अध्यक्षांची.”

“आणि त्यांच्या सरदाराचे पाय तपासणार कोण?”

“मी.”

“मग सरदार पास झालाच म्हणायचा. पुस्तकातलं चित्र, घराची भिंत, सगळं एकाच मापाचं.”

घास हातात होता, तो ताटात ठेवला. “आई, ओळंबा तूच हातात दिलास ना माझ्या?”

“चूक झाली. बापाने भिंतीला लावला, तू मिशांना लावशील.”

उठला. त्या क्षणापासून माझ्यासमोर जेवत नाही. सकाळी डबा घेऊन जातो, रात्रीचं आतल्या खोलीत. बरंच आहे. तोंड दिसलं की माझं डोकं तापतं. घरचा भेदी असा असतो, माझंच मीठ खाऊन माझ्याच कुत्रीवर टपलेला.

शनिवार, बावीस तारीख

उद्या तपासणी. ठिणगीला कोमट पाण्याने अंघोळ घातली. नखं कापली. ती माझ्या मांडीवर हनुवटी ठेवून झोपली आणि मी विचार करत बसले.

तपासणीत एक नियम आहे, तो माझा. तुला सांगितला होता, पण तुला कुठला आठवायला. वीस वर्षांपूर्वी तो खाटीक यायचा, जाड मानेचा. दरवेळी कुत्र्याचे मागचे पाय स्वतःच्या हाताने नीट मांडून ठेवायचा, जसं काही दुकानातला माल रचतोय. कुत्रं दिसायचं राजासारखं, चालायला लागलं की भिकारी. मी भर मंडळात सांगितलं, मालकाचे हात लांब! कुत्रं सोडायचं, मालकाने दहा पावलं लांब उभं राहायचं, कुत्रं चालेल, आपणहून थांबेल, आणि जसं थांबेल तसे पाय पाहायचे. खाटकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेव्हापासून तो आला नाही. हात लावून खोटं उभं करणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

रविवार, तेवीस तारीख

लिही गं, आणि एक शब्द गाळलास तर बघ.

शाळेचं मैदान. चाळीसेक माणसं, सतरा कुत्री. तीन परीक्षक, त्यात आमचे थोरले साहेब, इस्त्रीचा सदरा, हातात तक्ता, खिशात बापाचा ओळंबा. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, पण तो पाहत नाही हे पाहिलं.

आधी सरदार. अध्यक्ष मिशा कुरवाळत दहा पावलं लांब. सरदार चालला, मागचा भाग झुलवत, जणू मागचे पाय पुढच्यांना पत्र लिहून विचारतायत आता कुठे जायचं. थांबला. थोरला गुडघ्यावर बसला, दोरा हाडाला लावला, ओळंबा सोडला. पितळ जमिनीला टेकलं आणि पंजा वीतभर मागे!

थोरला उठला आणि म्हणाला, “नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “अरे, पुस्तकात बघ! चित्र बघ!”

“चित्र बसलंय साहेब. मी उभं कुत्रं तपासतोय.”

धाकटे, खोटं सांगत नाही, माझा ऊर भरून आला. मी दुधवाल्याला कोपर मारलं. “माझा आहे तो,” म्हटलं. तीन आठवड्यांचं सगळं विरघळलं. आता ठिणगीचं काय, डोळे झाकून पास.

ठिणगीची पाळी आली. मी पट्टा सोडला आणि दहा पावलं मागे गेले. ती चालली, काय डौल! थांबली. थोरल्याने बाजूने ओळंबा सोडला. बोटांच्या पुढ्यात, नेमका. मी आजूबाजूला पाहून मान हलवली, सगळ्यांना दिसावी अशी.

मग तो मागे गेला. उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, “पुन्हा चालवा.” पुन्हा चालवलं. पुन्हा बसला. “आणखी एकदा.” तिसऱ्यांदा बसला तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला नाही, मान खाली होती. उठला, तक्त्यावर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. त्याचंही पेन अडलं बहुतेक.

“टाचा आत आहेत,” म्हणाला. “पंजे बाहेर. नाही.”

मी दहा पावलं कधी ओलांडली ते मला कळलं नाही. ठिणगीपाशी गेले, मांडीवर हात ठेवला, टाच धरली, पंजा ठेवला आणि ओरडले, “हे बघ! हे आत आहे? डोळे आहेत का कवड्या?”

तो हळू आवाजात म्हणाला, “आई, हात काढ.”

“काय?”

“हात काढ तिच्यावरचा. नियम तुझा आहे.”

आणि मागून कोण हसलं? जाड मानेचा. खाटीक! वीस वर्षांनी आला होता, नातीला घेऊन, नुसतं बघायला. त्या हसण्यावर माझं रक्त उकळलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “तू जन्मलास तेव्हाच तुला ओळंबा लावायला हवा होता! वाकडा आहेस हे तेव्हाच कळलं असतं.”

कुणी हसलं नाही. त्याने ओळंब्याचा दोरा बोटाला गुंडाळला, एक एक वेढा, नीट, अगदी तुझे भावोजी गुंडाळायचे तसा, आणि पुढच्या कुत्र्याकडे गेला.

आपलेच दात, आपलेच ओठ. लिहिलंस?

सोमवार, चोवीस तारीख

काही लिहायचं नाही. राग आहे, तो शाईत मावत नाही.

बुधवार, सव्वीस तारीख

काल तुझा फोन आला होता. तू विसरली असशील, म्हणून लिहून ठेवते.

मी सगळं सांगितलं. दुसरी एखादी बहीण असती तर माझ्या बाजूने दोन शिव्या तरी घातल्या असत्या. तू म्हणालीस, “ताई, विजेचंसुद्धा असंच होतं ना गं?”

“काय असंच होतं?”

“टाचा. मी तेव्हा म्हटलं होतं तुला. तू म्हणालीस, धाकटे, तू कोंबड्या सांभाळ.”

“काहीतरी बोलू नकोस. विजेला मेंढ्याने धडक दिली होती.”

“मेंढा कुठला ताई? तेव्हा मेंढ्या डोंगरावर होत्या. ती घरात झोपेतून उठली आणि लंगडायला लागली. तू तिचा पाय हातात धरून नीट ठेवत बसायचीस, मला दिसतंय अजून.”

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी बाई मला चाळीस वर्षांपूर्वीचं सांगते! मी फोन ठेवला. आपटला म्हण.

तुझं डोकं ठिकाणावर नाही, धाकटे. मेंढाच होता. शिंगाचा एक टवका उडालेला. की तो दुसरा होता?

शुक्रवार, अठ्ठावीस तारीख

सकाळी सुनेने अंगण धुतलं. ठिणगी ओल्यातून कोरड्या फरशीवर आली आणि दारापर्यंत गेली. फरशीवर पंजे उमटले. पुढचे सरळ. मागचे, डावा डावीकडे तोंड करून, उजवा उजवीकडे.

मी म्हटलं, फरशी उताराची आहे.

सून म्हणाली, “ही फरशी मामंजींनी बसवलीय, आई. ओळंबा आणि पाणसळ लावून.” आणि पोछा घेऊन आत गेली. हल्ली फार बोलते.

उन्हाने पंजे वाळून गेले तरी मी तिथेच बसले होते. मग सुनेला हाक मारली. सांगितलं, ठिणगीला त्या टोकाला ने आणि सोड. मी इकडे उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसरा धरून. घट्ट धरला. ठिणगी आली, माझ्यापुढून गेली, दाराशी थांबली. माझ्या हाताची वाट बघत मागे वळून पाहिलं तिने. मी हात सोडला नाही.

पाहिलं.

हे लिहू नकोस.

रविवार, तीस तारीख

सुनेने परवाचं सगळं लिहिलंय. आज मी वही वाचून दाखवायला लावली तेव्हा कळलं. रागावले. म्हणाली, “तुम्हीच सांगितलंत, तोंडातून पडेल ते सगळं.” ही बाई मंडळात परीक्षक व्हायच्या लायकीची आहे.

मला अजून राग आहे, धाकटे, ते समजून घे. अध्यक्षांचा आहे, त्या पुस्तकाचा आहे, खाटकाच्या हसण्याचा तर मरेपर्यंत राहील. आणि त्या थोरल्याला आधी दिसत होतं तर तोंडाने बोलला का नाही? घरात सांगायचं होतं ना! उलट महिनाभर त्या मुक्या जनावराला टेकडी चढवत बसला. कशाला, कोण जाणे. काल विचारलं तर म्हणतो, “वाटलं होतं, थोडं सुधारेल.” टाचेचं हाड चढाने सुधारतं होय? एवढं शिकवून अक्कल ती नाहीच. सून मात्र डोळे पुसायला लागली. हिला कांदा न चिरताही पाणी येतं.

आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरला मीच बोलावलं. थोरल्याने नाही, मी. ठिणगीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. नापास झालेलीचा वंश पुढे न्यायचा नाही, तो नियम माझ्याआधीचा आहे, आणि आमच्या घरात नियम वाकत नाही. डॉक्टर म्हणाला, आजी, घाई नाही, विचार करा. म्हटलं, मी विचार केला असता तर तुझी गरज पडली नसती. मंगळवारी ऑपरेशन आहे. विजेचं रक्त इथे थांबलं. झाली चाळीस वर्षं. लिहिलंस? पुढे चल.

डॉक्टर गेल्यावर थोरला अंगणात आला. ठिणगीच्या शेजारी बसला, पण तिच्या पायांना हात लावला नाही. मीही लावला नाही. मग मी म्हटलं, “मंगळवारी तुला कामावरून लवकर यावं लागेल. तिला उचलणार कोण, मी?” म्हणाला, “येईन.” मी म्हटलं, “आणि जेवायला ताट बाहेर घे. आतल्या खोलीत उंदीर होतात.”

आज बाहेर जेवला. दोनदा वाढून घेतलं.

तर आता नीट ऐक, आणि ऐकल्या ऐकल्या कर, उद्यावर टाकलंस की गेलंच. ठिणगीसाठी हाडांचं पाणी काढून पाठव, मीठ अजिबात नको, डब्यावर चिठ्ठी लाव नाहीतर सून त्यात भाजी शिजवेल. आणि तुझ्या झाडाच्या सफरचंदांचा मुरांबा पाठव, थोरल्याला आवडतो तो, साखर कमी घातलेला. मोठी बरणी. तुझ्या सवयीप्रमाणे वरची दोन बोटं रिकामी सोडू नकोस, काठोकाठ भर. मी मागितला म्हणून सांगू नकोस. तुला आठवण झाली म्हणून पाठवलास, असं म्हण. त्याचा विश्वास बसणार नाही, पण खाईल.